प्रोपेलरच्या झोतावर विमान उचलायचंय? या चुका टाळा

पंखावरून मोटरची हवा सोडली की मॉडेल विमान जागच्या जागी उठेल, या आशेने बरेच जण सनबोर्ड कापायला बसतात. आशा अगदीच खोटी नाही. १९६१ साली पहिल्यांदा उडालेल्या ब्रेगे ९४१ या फ्रेंच विमानात चार मोठ्या प्रोपेलरांचा झोत जवळजवळ अख्ख्या पंखावरून जायचा, त्यामुळे त्याला अगदी थोडी धावपट्टी पुरायची. पण धावपट्टी लागायचीच.

विमान उभं असताना पंख नवी ताकद तयार करत नाही. मोटरने मागे फेकलेली हवा तो फक्त खाली वळवतो. थ्रस्ट, म्हणजे मोटरचा पुढे ढकलणारा जोर, ८०० ग्रॅम असेल आणि झोत ३० अंश वळला, तर उचल मिळते फार तर ४०० ग्रॅम. मग ९०० ग्रॅमचं मॉडेल जागेवरून उठणार नाही, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी पट्टी) कितीही पाडा. बाकीची उचल पुढे धावण्यातूनच येते.

मोजतानाही फसगत होते. मॉडेल वजनकाट्यावर ठेवलं, आकडा घटला, की उचल मिळाली असं वाटतं. मोटर ३ अंश वर कललेली असली तरी तिचा थ्रस्टच चाळीसेक ग्रॅम कमी करतो. शिवाय खाली वळलेली हवा काट्यावर आपटून आकडा बिघडवते. मॉडेल उंच स्टँडवर घ्या, मागून बांधायचा दोरा आडवाच ठेवा. त्याच थ्रॉटलला (मोटरचा जोर कमी-जास्त करणारी कळ) एकदा फ्लॅप सरळ ठेवून आणि एकदा पाडून आकडे घ्या. त्यातला फरक ही फ्लॅपची खरी कमाई.

फ्लॅपवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवा. थ्रॉटल दिल्यावर ते पृष्ठभागाला धरून मागे वाहिले तर ठीक. फडफडून उलटे फिरले तर हवा फ्लॅपपासून सुटली आहे. ५-५ अंशांनी फ्लॅप कमी करत या.

झोत मागे जाताना आकसतो. उभ्या विमानात १० इंची प्रोपेलरचा झोत साधारण ७ इंचांवर येतो. पंखाच्या टोकाकडच्या एलेरॉनला (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्टीला) त्यातलं काहीच मिळत नाही, म्हणून कमी वेगात मॉडेल रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूने, सांभाळा.

सगळ्यात जास्त मोडतोड उतरताना होते. माझं पहिलं मॉडेल मी सवयीने थ्रॉटल शून्यावर आणला आणि कमरेएवढ्या उंचीवरून धपकन पाडलं. चाकांची तार पोटात घुसली. इथे उचल थ्रॉटलला बांधलेली असते. चाकं टेकेपर्यंत तो सोडू नका.

दोन मोटरांच्या मॉडेलला आणखी एक धोका. ब्रेगेचे चारही प्रोपेलर शाफ्टने एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे एक इंजिन बंद पडलं तरी झोत दोन्हीकडे राहायचा. आपल्याकडे एक मोटर थांबली की त्या बाजूचा पंख लगेच खाली जातो. अशा वेळी दुसरीचा थ्रॉटल ओढा, नाक खाली करून वेग धरा आणि समोर मोकळी जागा दिसेल तिथे उतरवा.