बोल्ट फिरतोय पण निघत नाही : जुन्या गाडीचा लोअर आर्म घरी काढणाऱ्यांसाठी

खड्ड्यात गेलं की पुढून खट् असा आवाज येतो. मेकॅनिक सांगतो की लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून चेसिसशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश गेले, आणि आपण ठरवतो, हे काम आपणच करू. इथवर आलेल्या नवख्यांसाठी हे लिहितोय. जॅक कुठे लावायचा, चाक कसं उतरवायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. सांगायचंय ते गंजाबद्दल, कारण कोरड्या हवेतल्या गाडीवर तासाभरात उरकणारं काम ठाणे-नवी मुंबईकडच्या, ऐरोली, वाशी, कळव्याच्या गाडीवर तसं उरकत नाही.

आपल्याकडे खाडीची खारट हवा आहे आणि वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर घोडबंदर रोडचा नाहीतर ठाणे-बेलापूर रोडचा चिखल आर्मच्या खाचांत जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. बोल्ट आणि त्याच्याभोवतीची बुशची नळी यांच्यात जेमतेम फट असते. ती गंजाने ठासून भरली की दोन वस्तूंची एक होते. ताकद कमी पडते असं वाटून खचू नका. तिथे कुणाचीही ताकद कमीच पडते.

काम काढण्याआधी नवा आर्म आणि नवे बोल्ट घरात हवेत. आधी उघडू, मग आणू, असं करू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन चाकांवर उभी गाडी पाहून सेक्रेटरी किती वेळ गप्प बसतील, याचा अंदाज तुम्हाला असेलच. आणि बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून घेऊ नका. मारुती, सुझुकी, टोयोटा, होंडा या गाड्यांत १२ मिलिमीटरच्या बोल्टला बहुतेक १.२५ मिलिमीटर अंतराचे बारीक आटे असतात. हार्डवेअरवाला देतो त्याला १.७५ चे. हाताने दोन फेरे जातो, मग अडतो, आणि पान्याने रेटलात तर चांगल्या नटाचे आटेही जातात. शिवाय बोल्टच्या डोक्यावरचा मजबुतीचा आकडा वाचा : सस्पेन्शनला ८.८ किंवा १०.९ असतो. जुन्यावर जो आहे, तोच नव्यावर हवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं बरंच काही मिळतं, पण वापरलेला आर्म किंवा बोल्ट तिथून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. चाक ज्याच्यावर तोललंय, तिथे दुसऱ्याचा गंज कशाला लावायचा?

गोटी (सॉकेट) सहा कोनीच वापरा. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते, आणि डोकं गोल झालं की पुढचे सगळे उपाय अवघड होतात. आदल्या रात्रीपासून पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं तेल) मारत राहा, दोन्ही टोकांनी. साधा डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी आहे. हाताशी तेवढंच असेल तर चालेल, पण गंजासाठीचं वेगळं तेल मिळतं, ते घ्या.

आता मुख्य गोष्ट. मी अडकलो तो इथेच.

लोअर आर्मचा आतला बोल्ट चेसिसच्या दोन कानांमधून, म्हणजे बाहेर आलेल्या भोकांच्या पट्ट्यांमधून, जातो. कानांच्या मध्ये बुश असतो : बाहेर लोखंडी कडं, मध्ये रबर, आत लोखंडी नळी. बोल्ट घट्ट केला की ती नळी दोन कानांत आवळली जाते आणि फिरत नाही. आर्म वरखाली होतो तो फक्त रबराच्या पिळावर. हे आधी नीट डोक्यात बसवा, कारण पुढचं सगळं यातूनच कळतं.

तुम्ही जोर लावता, कर्र असा आवाज येतो, बोल्ट फिरतो. आनंद होतो. पण आटे सुटले तरी बोल्ट नळीतून सुटलेला नसतो. तो नळीला सोबत घेऊन फिरतो, रबर पिळलं जातं, मग फाटतं. बोल्ट दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो आणि पुन्हा दगडासारखा जाम होतो, कारण आता नळी डोक्याकडच्या कानाला आतून रेटत असते. इथे माणूस लांब पाइप लावतो. लावू नका! एक तर कान वाकतो, नाहीतर चेसिसच्या आत वेल्ड केलेला नट उखडतो आणि आतल्या आत फिरायला लागतो. मग चेसिसला खिडकी कापावी लागते, आणि ते घरचं काम नाही.

हे ओळखायचं कसं? डोक्यावर आणि शेजारच्या कानावर मिळून खडूची किंवा पेंटची एक रेघ मारा. थोडं फिरवून पाना सोडा. डोकं आपोआप मागे आलं तर समजा, रबर पिळलं जातंय, नळी बोल्टला चिकटलेली आहे. बॅटरी मारून बुशकडेही पाहा, नळीचं तोंड बोल्टबरोबर फिरताना दिसतं. म्हणूनच पहिल्याच कामाला इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) हातात घेऊ नये असं मला वाटतं. हातातल्या पान्याला रबराचा लवचिकपणा कळतो, गनला कळत नाही.

असं दिसलं की थांबा. तेल मारा, थोडं आवळा, थोडं सोडा, पुन्हा तेल. कधी कधी एवढ्यावर मोकळं होतं. नाही झालं तर सरळ बोल्ट कापा. हार मानल्यासारखं वाटेल, पण आर्म आणि बोल्ट दोन्ही नवेच बसवायचे आहेत, मग जुन्यावर दया कशाला? कान आणि नळी यांच्या फटीत हॅकसॉचं बायमेटल पातं घाला, दोन्ही बाजूंनी एकेक काप द्या, आर्म मधल्या तुकड्यासकट खाली येतो. नटात उरलेल्या तुकड्याचे आटे आधीच सुटलेले असतात, तो व्हाइस ग्रिपने (घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीने) बहुधा निघतो. चष्मा घाला. वेळ लागेल, हात भरून येतील, पण यात चेसिसचं काही बिघडत नाही.

आग मात्र नको. गॅरेजमध्ये गॅसचा टॉर्च लावतात म्हणून तुम्ही लावू नका. शेजारी ब्रेकचा रबरी पाइप, तेलाने भिजलेला बोल्ट, आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांत सीएनजीचं किट. स्टिल्टखालच्या पार्किंगमध्ये हा धोका घ्यायचा नाही.

आर्मच्या चाकाकडच्या टोकाला, बॉल जॉइंटकडे (गोळीवर फिरणाऱ्या सांध्याकडे), त्याची पिन आवळून धरणारा आडवा पिंच बोल्ट असेल तर तो पूर्ण बाहेर काढा, नुसता सैल करून भागत नाही, कारण तो पिनेच्या खाचेतून गेलेला असतो. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बरच्या जोडीच्या) वरचा मधला नट कधीही सोडू नका. दाबलेली स्प्रिंग त्याच्यावरच अडवलेली असते, आणि सुटली तर जीव जाऊ शकतो. गाडीखाली स्टँड हवेतच, नुसत्या जॅकवर विसंबू नका. पेव्हर ब्लॉक दबतात, तेव्हा स्टँडखाली जाड प्लायवूड ठेवा.

शिकवणारा शोधताना एक पाहा : तो पाना तुमच्या हातात देतो का? मला ज्या मिस्त्रींनी शिकवलं ते मागे उभे राहून फक्त "थांब" एवढंच म्हणायचे. दहा मिनिटांत स्वतः करून देणाऱ्याकडून काम होतं, शिकणं होत नाही.

नवा बोल्ट बसवताना त्याच्या मधल्या गुळगुळीत भागाला ग्रीस किंवा अँटी-सीझ (जाम होऊ न देणारा लेप) लावा, आट्यांना नको. आणि आर्म लोंबकळत असताना बोल्ट शेवटचा आवळू नका. नळी त्या स्थितीत पकडली गेली तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. आर्मखाली जॅक देऊन तो गाडी उभी असताना असतो तितका वर उचला, मग बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (दिलेल्या जोराने) आवळा आणि त्याच्या डोक्यावर व कानावर मिळून पुन्हा पेंटची रेघ मारा. दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या, आणि आठवडाभराने पेंटच्या रेघा जागेवर आहेत का ते पाहा.