चौरस फोटोचा जुना फिल्म कॅमेरा घ्यायचाय? आधी रीळ बघा, नाव नंतर

गेल्या संक्रांतीला आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत, नंदीध्वजांच्या म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या मिरवणुकीत मी पोटाशी कॅमेरा धरून मान खाली घालून उभा होतो, तर शेजारचे एक काका म्हणाले, "काय बे, सगळी जनता वर बघायलीय अन् तू त्या डब्यात काय शोधायलायस?" त्यांना हुडमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या वरच्या उघड्या झाकणातून, बघायला दिलं तर पाच मिनिटं सोडेनात. काचेवर ते पांढऱ्या बाराबंदीतले लोक, तोल सांभाळत हलणारा नंदीध्वज, सगळं हातभर अंतरावर छोटं चित्र चालल्यासारखं दिसतं, आणि एकदा ते बघितलं की माणूस वाया जातो. तेव्हापासून ओळखीतले तीन-चार जण मागे लागलेत, असला एक घ्यायचाय, कुठला घेऊ? फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळे आधी कंपनीचं नाव विचारतात. मी म्हणतो आधी विचारा याला रोल कुठला लागतो. चौरस फोटोच्या जुन्या कॅमेऱ्यांत १२० नंबरचा रोल लागत असेल तर डोळे झाकून पुढे जा, तो रोल १९०१ पासून चालू आहे आणि आजही नवा बनतो, ब्लॅक अँड व्हाइट पण आणि कलर पण. सहा बाय सहा सेंटीमीटरचे बारा फोटो निघतात. पण कोडॅकने १९३०च्या दशकात ६२० नावाचा रोल काढला होता, फिल्म तीच, रुंदी तीच, फक्त रीळ बारीक, आणि तो १९९५ मध्ये बंद झाला. दिसायला कॅमेरा एकदम देखणा, किंमत कमी, विकणारा म्हणतो चालू आहे साहेब, आणि खोटं पण बोलत नसतो.

मी नेमका तिथेच फसलो. माझा पहिला कॅमेरा पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी उचलला, घासाघीस करून आणला, एसटीत मांडीवर घेऊन बसलो, घरी येऊन १२० चा रोल टाकायला गेलो तर आत जाईना. जोर लावला. रिळाची कड तुटली, झाकण लागेना, आणि मागे वळून बघतो तर दारात आमचे वडील उभे. आयुष्य कापडमिलमध्ये गेलेला माणूस, तुटलेलं रीळ हातात घेऊन म्हणाले, कांडी बघायची आधी, मग माग घ्यायचा. बरोबरच होतं. अंधारात बसून १२० ची फिल्म ६२० च्या रिळावर गुंडाळता येते, लोक करतात, मी पण दोनदा केली, पण दर रोलला ती कसरत करायची हौस दोन महिन्यांत उतरते. तो कॅमेरा आता शोकेसमध्ये आहे. १२७ चा रोल लागणारे पण छोटे गोंडस कॅमेरे मिळतात, त्यांच्या नादी पण लागू नका, तो रोल मिळवायलाच घाम निघतो.

आता रोल १२० चा आहे असं धरू. तरी तीन जातीचे कॅमेरे समोर येतात.

एक म्हणजे साधा डबा. आपल्याकडे अग्फा क्लिक थ्री बडोद्याला बनायचा, कितीतरी घरांत असायचा, तुमच्या आत्याच्या किंवा मावशीच्या कपाटात अजून निघेल, विचारून बघा, फुकटात काम होईल. त्यात शटरचा स्पीड एकच आणि तो पण संथ, अंदाजे तीसांश सेकंद, म्हणजे हात हलला की फोटो गेला. लेन्स एका भिंगाची, मधे ठीक, कडेला मऊ. सोलापूरच्या दुपारी यात ४०० चा रोल (हा आकडा फिल्म उजेडाला किती तेज आहे त्याचा) टाकलात तर निगेटिव्ह काळीकुट्ट येणार, १०० चा टाका आणि सकाळी आठच्या आत किंवा सावलीत काढा. मजा म्हणून छान आहे. पण फक्त यावर राहिलात तर शिकायला काही उरत नाही, कारण फिरवायला काही नाहीच.

दुसरी जात म्हणजे दोन लेन्सवाला, टीएलआर, आणि माझं मत सरळ सांगतो, पहिला कॅमेरा हाच घ्या. वरच्या लेन्समधून तुम्ही बघता, खालच्यातून फोटो निघतो. आतला आरसा जागचा हलत नाही त्यामुळे क्लिक करताना धक्का बसत नाही, पट्टा मानेला ताणून धरला तर पंधरांश सेकंदाला पण माझे फोटो बरे येतात. आवाज तर इतका बारीक की समोरच्याला कळत नाही. दोन गोष्टींनी मात्र डोकं फिरतं. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, नंदीध्वज उजवीकडे चालला की तुम्ही कॅमेरा उजवीकडे वळवण्याऐवजी हमखास डावीकडे वळवता, आणि तो फ्रेमबाहेर. याला एकच उपाय, रिकाम्या कॅमेऱ्याने चार दिवस घरात मांजर नाहीतर पोरं धरायची प्रॅक्टिस करा. दुसरं म्हणजे दोन लेन्समध्ये थोडं अंतर असतं, त्यामुळे अगदी जवळचं काढताना वरून दिसतं त्यापेक्षा फोटोत डोकं थोडं कापलं जातं, जवळून काढताना वर जरा जागा सोडायची सवय ठेवा.

या जातीत सगळ्यात मोठं नाव रोलायफ्लेक्स, जर्मनीत ब्राउनश्वाइगला बनलेला, पहिला १९२९ चा. आपल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला वापरायच्या तो. लेन्सबद्दल बोलायलाच नको. पण नावाचे पैसे पडतात, आणि नाव बघून घेतलेला बिघडका रोलायफ्लेक्स म्हणजे दारात बांधलेला हत्ती, दुरुस्तीत खातो. त्याचाच स्वस्तातला भाऊ रोलायकॉर्ड, तो जास्त शहाणपणाचा सौदा. मी स्वतः याशिकावर आहे आणि सांगणार पण याशिकाच, कारण आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी लग्नं, मुंजी, पासपोर्ट सगळं त्यावर काढलेलं आहे, त्यामुळे वापरलेले पीस फिरत असतात आणि त्यात हात घातलेला एखादा जुना मेकॅनिक अजून सापडतो. याशिका डी नॉब फिरवून रोल पुढे नेतो, साधा आणि मजबूत. याशिकामॅट १२४ जी हा १९७० ते १९८६ बनला, त्याला बाजूला हँडल असतं, एक फेरी पुढे एक मागे, रोल पण सरकतो आणि शटर पण चढतं. त्यातला उजेड मोजायचा मीटर पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा, ती बॅटरी आता बंद झालीये, तर विकणारा "मीटर चालू" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका, मोबाईलवर मीटरचं ॲप घ्या. रशियाचा ल्युबिटेल २ हलका आणि स्वस्त, पण त्याचं फोकस जुळवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. चीनचा सीगल मी हाताळलाय, एक चांगला निघतो एक वाईट, नशिबावर आहे.

तिसरी जात हॅसलब्लाडसारखे एका लेन्सचे एसएलआर, ज्यात लेन्स आणि मागची रोलची पेटी बदलता येते. ५०० सी १९५७ ला आला, चंद्रावर गेला तो याच कंपनीचा. सुंदर मशीन, पण शटर चढवलेलं नसताना लेन्स काढायला गेलात की अडकतं आणि मग स्क्रूड्रायव्हर घेऊन रडत बसायचं. पेंटाकॉन सिक्समध्ये दोन फोटो एकमेकांवर चढायची तक्रार जुनीच आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने या तिसऱ्या जातीत पडू नये, पैसे वर आलेत तरी पडू नये.

आता समोर टेबलावर टीएलआर ठेवलाय, विकणारे काका चहा सांगतायत, तेव्हा काय बघायचं. घाई करू नका, चहा पिऊन घ्या, तो वेळ कामाचा असतो.

मागचं झाकण उघडा. आत रिकामं रीळ आहे का? नसेल तर रोल गुंडाळायचा कशावर, लगेच मागून घ्या. शटर बी वर (दाबलं तोवर उघडं राहतं ती खूण) ठेवून दाबून धरा, लेन्स पूर्ण उघडी करा, आणि मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस, सगळीकडे दुधासारखं धुकं दिसलं तर हेझ. थोडी धूळ असली तर काही बिघडत नाही. आणि हे खालच्या लेन्सला बघायचं, वरच्या लेन्सला फंगस असेल तर फोटोला फरक पडत नाही, उलट त्यावरून भाव पाडा. आपली हवा कोरडी म्हणून सोलापुरात राहिलेल्या कॅमेऱ्यांना फंगस कमी बघितलाय मी, मुंबई-कोकणातून आलेला असेल तर दुप्पट वेळ टॉर्च मारा. आपल्याकडचा रोग वेगळा, धूळ आणि सुकलेलं ग्रीस.

ते कळतं कानाने. स्पीड एक सेकंदावर ठेवा, शटर चढवा, दाबा आणि ऐका. आत बारीक झर्रर्र असा एकसारखा आवाज येऊन टक् झालं पाहिजे. मधेच दम लागल्यासारखा अडला, किंवा उघडून तसंच राहिलं, तर ग्रीस सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरा. मग अर्धा सेकंद, पाव, असं वर चढत जा, प्रत्येक वेळी आवाज आखूड होत गेला पाहिजे. सगळ्यात वरचा स्पीड, ५०० वगैरे, शटर चढवायच्या आधी लावा, नंतर जबरदस्तीने फिरवू नका. आणि सेल्फ टायमरच्या दांडीला हातच लावू नका, पन्नास वर्षं झोपलेली असते, उठवली की तिथेच अडकते आणि काका म्हणणार तुम्हीच मोडलं.

शेवटी फोकस. घरून बटर पेपरची एक पट्टी खिशात न्या, मागे फिल्म बसते त्या पट्ट्यांवर ती ताणून चिकटवा, शटर बी वर उघडं ठेवा, आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवर वरच्या काचेतून फोकस करा. बटर पेपरवर पण पाटीची अक्षरं तेवढीच स्वच्छ दिसली पाहिजेत. वर स्वच्छ आणि खाली धूसर असेल तर कोणीतरी लेन्स खोलून चुकीची बसवलीये, सोडून द्या तो पीस. हुड उघडून आरसा पण बघा, काळे डाग थोडे चालतात, पण रुमालाने पुसायला जाऊ नका, त्याची चांदी वरच्या बाजूला असते आणि पुसली की गेली.

घेतलात? मग पहिला रोल पोरांच्या बारशाला वाया घालवू नका. कडक उन्हात ४०० च्या रोलला लेन्सचं भोक एफ १६ वर आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, एवढंच लक्षात ठेवलं तरी भुईकोट किल्ल्याच्या भिंती आणि सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी बाराच्या बारा फोटो बरोबर येतात, सावलीत गेलात की भोक तीन पायऱ्या उघडा. कॅमेरा उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिलमध्ये तर मुळीच नाही.

धुण्याचा प्रश्न राहिला. कलर मी पुण्याला कुरिअर करतो. ब्लॅक अँड व्हाइट घरी बाथरूममध्ये रात्री धुतो. एचपी ५ प्लस हा रोल डी-७६ या धुण्याच्या औषधात २० डिग्रीला साधारण साडेसात मिनिटं लागतात, पण मे महिन्यात आपल्या नळाला २० डिग्रीचं पाणी कुठून येणार, रात्री दहाला पण गरमच. म्हणून औषधाची बाटली बर्फाच्या बादलीत उभी करायची, थर्मामीटर टाकून बघायचं, आणि बर्फ औषधात टाकायचा नाही हं, एकदा मी टाकला होता, अर्धा रोल फिका. टँकमध्ये फिल्म चढवताना हात घामाने ओले असतील तर ती चाकावर मधेच चिकटते, तेव्हा अंधार करायच्या आधी पंख्याखाली बसून हात कोरडे करा.

आणि रोल संपल्यावर मागचं झाकण सावलीत उघडा, कागद सैल न होऊ देता चिकटपट्टी घट्ट लावा, खाली जे रिकामं रीळ उरतं ते लगेच वरच्या खाचेत बसवा. मी ते एकदा टेबलावर ठेवलं तर आमच्या पोरीने पतंगाचा मांजा गुंडाळायला नेलं, संक्रांतीच्या दिवशी, आणि बाहेर नंदीध्वज निघालेले.