उन्हाळ्यात नेटवर्क स्विच बंद पडतो? या चुका टाळा

एप्रिल लागला की तेच फोन सुरू होतात. "दुपारी नेट जाते, संध्याकाळी आपोआप येते." तोवर केबल बदललेली असते, टोकं पुन्हा क्रिंप केलेली असतात, नेटवाल्याला बोलून झालेलं असतं. स्विच, म्हणजे सगळ्या नेटच्या केबल जिथे जोडतात तो डबा, कुठे टांगलाय, ते मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक जागेची. ऑफिससाठीचा साधा स्विच बहुधा ० ते ४० अंशांत चालवायचा असतो, काही ४५ किंवा ५० पर्यंत. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तोही हवामान खात्याच्या हवेशीर पेटीत, सावलीत मोजलेला. टिनाखालच्या बंद रॅकमध्ये, म्हणजे स्विच ठेवायच्या कपाटात, काय होत असेल? कंपनीने दिलेला आकडा स्विचभोवतीच्या हवेचा असतो, मोबाइलवर दिसणाऱ्या तापमानाचा नाही.

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचे कॅमेरे रोज दुपारी बंद पडत. एकामागून एक स्विच बदलून झाले होते. तिथला पोरगा म्हणाला, "भाऊ, मालच खराब येऊन राहिला." रॅक टिनाला जवळजवळ चिकटलेला, समोर काचेचं दार. उघडलं तर पंख्याच्या जाळीवर रुईच्या तंतूंचा गादीसारखा थर, पंखा जाम. आत थर्मामीटरची तार सोडली, आकडा ५८ वर गेला. काढून ठेवलेला जुना स्विच खोलला तर पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरची टोपी फुगलेली. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. त्यात सगळे कॅमेरे त्याच स्विचवरून वीज घेणारे. साध्या पीओईच्या (नेटच्या केबलमधूनच वीज देण्याच्या) प्रत्येक पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत वीज द्यायची, तर पॉवर सप्लाय आतल्या आत तापणारच. रॅक खाली विटांच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला छातीच्या उंचीवर आणला, काच काढून जाळी लावली. बाकी काही बदललं नाही. तो उन्हाळा कॅमेरे सुरळीत चालले.

डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, दोन तापमानं असतात. ७० अंश वाचून खूश होणाऱ्यांनी शेजारचा शब्द पाहावा. तो बहुतेक वेळा गोदामात ठेवण्याचा आकडा असतो, चालवण्याचा नाही.

स्विचवर अडॅप्टर, अडॅप्टरवर राउटर, असं रचू नका.

कुलरचा झोत रॅकवर सोडणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. हवा गार होते हे खरं, पण सोबत ओल येते आणि पाण्याचे तुषार क्षारासकट आत जातात. पावसाळ्यापर्यंत पोर्टच्या पिना हिरव्या पडतात. कुलर खोलीत चालू द्या, तोंड मात्र दुसरीकडे करा.

रीस्टार्ट मारून मोकळं होण्याचा मला मनापासून राग येतो. दोन मिनिटं बंद राहिला की स्विच थोडा गार होतो, चालू होतो आणि सगळ्यांना वाटतं दुरुस्त झाला. नवीन पोरांना घाई फार. मी आधी दुपारी तीनला रॅकमधलं तापमान घेतो, मगच हत्यार काढतो. नवतपा लागण्याआधी ब्लोअरने धूळ काढतो. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर जोराच्या हवेने तो भरमसाट फिरून बेअरिंग जातं. स्विच बसवल्याची तारीख मार्करने त्याच्यावरच लिहितो.

खांबावरच्या पेटीसारखी जागा बदलताच येत नसेल, तर उणे ४० ते ७५ अंशांचा इंडस्ट्रियल स्विच घ्या. महाग आहे, पण तिथे दुसरा टिकत नाही. मात्र त्याला घरातला जुना अडॅप्टर जोडू नका. स्विच ७५ चा, अडॅप्टर ४० चा, मग बंद पडतो तो अडॅप्टर. डीआयएन रेलवर (पेटीतल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा पॉवर सप्लाय घ्या आणि त्याचीही डेटाशीट वाचा. बऱ्याच सप्लायची क्षमता ५०-६० अंशांनंतर घटत जाते, म्हणून लागणाऱ्या वॅटपेक्षा एक माप मोठाच घ्या.