बीएमटीनंतर काउंट सावरेपर्यंत घरी काय करायचं?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी, म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण) होऊन पेशंट नाशिकला घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण पपईच्या पानांचा रस नाहीतर गुळवेल सुचवतो. दोन्ही नकोत. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि लिव्हर बिघडलं तर चालू औषधांचं सगळं गणित कोलमडतं. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, झटपट वाढवणारं फळ नसतं. नवा मॅरो रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यानंतरही काउंट काही महिने खालीवर होतात. तोवर पेशंटला जपायचं, एवढंच आपल्या हातात.

आधी सीबीसीचा (रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी) रिपोर्ट वाचायला शिका. पांढऱ्या पेशी 1,200 आणि त्यात न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पेशी) 40 टक्के, म्हणजे एएनसी (न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या) 480. तो सलग तीन दिवस 500च्या वर राहिला की मॅरो रुजला असं धरतात. वहीत तारीख, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि एएनसी लिहीत जा. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. काउंट अचानक घसरले तर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. गॅनसायक्लोविर (विषाणूंवरचं औषध), कोट्रायमोक्साझोल (अँटिबायोटिक) यांनीही काउंट उतरतात. मनाने मात्र काहीही बंद करू नका.

जेवण ताजं, शिजवलेलं, गरम. बाहेरची मिसळ नाही. घरी करा, मटकी पूर्ण शिजवा. वरचा कच्चा कांदा-कोथिंबीर विसरा. द्राक्षांचा घड आतपर्यंत धुतला जात नाही, त्यापेक्षा केळं बरं. रामकुंडाचं तीर्थ कुणी प्रेमाने आणलं तरी पेशंटला द्यायचं नाही. इथे भिडस्तपणा महागात पडतो.

सिंहस्थाच्या कामांची धूळ असेल तिथे जाणं टाळा, कारण त्या धुळीतून बुरशी फुफ्फुसात जाते. दवाखान्यात जाताना एन-95 मास्क लावाच. प्लेटलेट कमी असताना मऊ ब्रश वापरा, ब्लेडने दाढी नको.

ताप 100.4 फॅरनहाइट झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी ट्रान्सप्लांट सेंटरला फोन. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. ताप झाकला जातो, संसर्ग वाढत राहतो.

रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली तर इरॅडिएटेड (किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेली) पिशवीच लागते. ती जवळ कुठे मिळेल हे आजच विचारून ठेवा. डोनरचा रक्तगट वेगळा असेल तर पेशंटचा गटही बदलत जातो, त्यामुळे जुन्या कार्डावर विसंबू नका. सेंटरची चिठ्ठी ब्लड बँकेत दाखवा.