रूपक मोजता येतो? मग प्रोग रॉक ऐकायला घ्या

चवथीला भाच्याने विचारलं, मामा, ती प्रोग रॉकची (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक आणि मधेच मात्रा बदलणारं) वीस वीस मिनिटांची गाणी तुम्ही ऐकता कशी, आणि त्या मिनिमलिझममध्ये तेच तेच तासभर वाजतं त्यात काय मिळतं? त्याला सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण मला खरंच वाटतं की ज्याने घुमट आरतीत शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) धरलंय किंवा देवळातल्या भजनात टाळ वाजवलेत त्याचा कान अर्धा तयारच असतो.

सुरुवात पिंक फ्लॉइड या बँडच्या 'मनी'ने करा, 1973 चं आहे. पहिल्यांदा शब्द, गिटार सगळं सोडा आणि नुसत्या मात्रा मोजा. सात, म्हणजे आपला रूपक ताल. टेबलावर बोटांनी ती ती ना धी ना धी ना करत राहा, बेसचा तुकडा दर सात मात्रांनी फिरून पहिल्या मात्रेवर येतो आणि दोन मिनिटांत मान आपोआप डोलायला लागते. सॅक्सोफोन संपून गिटारचा सोलो सुरू झाला की मोजणी चुकेल, चूक तुमची नाही, तिथे ते चारात जातात आणि शेवटच्या कडव्याला परत सातात येतात.

हे अंगात मुरलं की यस या बँडचं 'क्लोज टू द एज' घ्या, 1972 चं, अठरा मिनिटांचं. सुरुवातीचा गोंधळ ऐकून बंद करू नका, चार भाग आहेत, तिसऱ्यात सगळं निवतं आणि चर्चच्या मोठ्या ऑर्गनचा आवाज भरून येतो, जुन्या गोव्यातल्या एखाद्या चर्चमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. किंग क्रिमसन हा बँड मात्र नंतर, त्यांच्या 1969 च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं नवख्याला अंगावर येतं.

प्रोग रॉक आणि मिनिमलिझम यांच्या मधला पूल म्हणजे माइक ओल्डफिल्डचं 'ट्युब्युलर बेल्स'. सुरुवातीचा पियानो मोजून बघा, सात आणि आठ मिळून पंधरा. रॉकवाला माणूस, पण या आवर्तनांच्या मागे मिनिमलिझमवाल्या टेरी रायलीचा प्रभाव आहे, आणि रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकले, म्हणजे धागा आपल्याकडेच येतो.

मिनिमलिझम, म्हणजे छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलत नेणं, ऐकण्याआधी करून बघा. स्टीव्ह राइशचं 'क्लॅपिंग म्युझिक' (1972) दोन माणसं आणि चार हात, बस. टाळी टाळी टाळी थांब, टाळी टाळी थांब, टाळी थांब, टाळी टाळी थांब, मोजा, बारा होतात. एकाने हेच धरून ठेवायचं, दुसऱ्याने काही आवर्तनांनी एकेक मात्रा पुढे सरकायचं, बारा वेळा सरकलं की दोघे परत एकत्र. आम्ही सोप्यावर बसून केलं, भाचा तिसऱ्याच सरकण्याला सुटला, पण तोवर त्याला दोघांच्या टाळ्यांमधून एक तिसरीच लय ऐकू आली होती, जी आम्ही दोघेही वाजवत नव्हतो. तेवढ्यासाठीच हे संगीत आहे.

मग राइशचंच 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स', साधारण तासाभराचं. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. सुरुवातीला अकरा कॉर्ड एकामागून एक येतात, त्यात गाणाऱ्यांचे आणि क्लॅरिनेटचे स्वर एका श्वासाला पुरतील तेवढेच टिकतात, वाढतात आणि विरतात. धून शोधू नका, विलंबित ख्यालात बढत ऐकतो तसं आता काय बदललं एवढंच बघा. मी हे पहिल्यांदा पावसात फोंड्याहून पणजीला जाताना कदंब बसमध्ये पूर्ण ऐकलं, पणजीच्या स्टँडवर गाडी लागली तरी वाजतच होतं, उतरून बाकावर बसलो आणि संपेपर्यंत उठलो नाही.