पावसाचं पाणी टाकीत भरताय? मग हे बघा

चिंचेने घासला की तांब्याचा लोटा कसा लखलखतो, तसाच आंबट पाऊस (म्हणजे आम्लवर्षा; पीएच हा आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आंबट, आणि तो 5.6 च्या खाली) पत्र्यातलं जस्त आणि जुने पाइप, पितळी नळ यातलं तांबं, शिसं हळूहळू पाण्यात उतरवतो. स्वीडनमध्ये तर अशा पाण्याने तांब्याचे पाइप झिजून लोकांचे सोनेरी केस हिरवट झाले होते, खरंच! बेसिनमध्ये निळसर-हिरवा डाग दिसला तर समजा तांबं सुटतंय, पण शिशाला ना रंग ना चव, आणि पोरांच्या मेंदूला तेच जास्त घातक. म्हणून पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, सकाळी नळ उघडला की रात्रभर तुंबलेलं पाणी झाडांना घाला, गीझरचं पाणी चहाला नकोच. आणि उकळून धातू जात नाहीत हां.