टी पेशींवरचा पीडी-१ फ्लो सायटोमेट्रीने मोजताना

पीडी-१ हा टी पेशीला (रोगाशी लढणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीला) आवर घालणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे संदेश घेणारे प्रथिन. जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या गटाने १९९२ मध्ये त्याचे जनुक शोधले. निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही कर्करोगावरची औषधे यालाच अडवतात. फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशींना चमकणाऱ्या रंगाची अँटिबॉडी लावून एकेका पेशीची चमक लेझरने मोजणे. मोजणी सोपी वाटते, पण आकडा चुकतो तो बहुतेक वेळा कंट्रोलअभावी, म्हणजे तुलनेसाठीच्या नळीअभावी.

हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) घातलेले रक्त तेवढ्याच पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खाऱ्या द्रावणाने) पातळ करून फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या जड द्रावणावर) अलगद सोडा. ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) ३० मिनिटे फिरवा, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवून. नाहीतर थर विस्कटतात. टी पेशी असलेला मधला पांढुरका थर उचलून दोनदा धुवा आणि दर नळीत १० लाख पेशी घ्या.

मृत पेशी ओळखणारा अमाइनला चिकटणारा रंग आधी, प्रथिनविरहित पीबीएसमध्ये लावा. सीरम असेल तर रंग त्यातल्या प्रथिनांवरच खर्च होतो. मग २ टक्के सीरमचा बफर, १० मिनिटे एफसी ब्लॉक (अँटिबॉडीला शेपटीकडून भलतीकडे चिकटू न देणारे द्रव्य), आणि १०० मायक्रोलिटरमध्ये सीडी३ (टी पेशीची खूण), सीडी८ (मारक टी पेशीची खूण) व पीडी-१ च्या अँटिबॉडी: ४ अंशांवर, अंधारात, ३० मिनिटे. अँटिबॉडीची मात्रा आपल्याच पेशींवर टायट्रेट करून (वेगवेगळ्या मात्रा लावून पाहून) ठरवा.

पीडी-१ साठी पीईसारखा (फायकोएरिथ्रिन) तेजस्वी रंग निवडा. या रिसेप्टरचे 'आहे' आणि 'नाही' असे दोन सुटे गट सहसा दिसत नाहीत, सलग उतरण दिसते. म्हणून गेट ('आहे' कुठून धरायचे ती सीमा) एफएमओ (एक रंग वजा) नळीवरूनच लावा. त्या नळीत पीडी-१ सोडून बाकी सगळे रंग असतात.

कर्करोगाच्या गाठीच्या तुकड्यातून पेशी काढताना वापरलेले एन्झाइम रिसेप्टरचाच भाग कापू शकते. रक्तातल्या पेशींना तेच एन्झाइम तेवढाच वेळ लावून पाहा. संकेत घटला तर दोष एन्झाइमचा.

रुग्णाला निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब मिळाले असेल तर विशेष जपा. रिसेप्टर औषधाने आधीच झाकलेला असतो आणि ईएच१२ सारखा क्लोन (पीडी-१ ओळखणारी एक ठरावीक अँटिबॉडी) तिथे बसत नाही. पीडी-१ नाहीसा झाल्याचा भास होतो. ही दोन्ही औषधे आयजीजी४ प्रकारची (अँटिबॉडीचा एक उपप्रकार), म्हणून मानवी आयजीजी४ ओळखणारी अँटिबॉडी वापरून झाकलेला रिसेप्टर दिसतो. मात्र तेव्हा मानवी आयजीजीचा एफसी ब्लॉक टाळा आणि प्लाझ्मा पूर्ण धुवून काढा.

पीडी-१ आहे म्हणजे पेशी थकलेली (दीर्घकाळ चेतवली गेल्याने निष्प्रभ झालेली), असे लिहू नका. नुकतीच सक्रिय झालेली टी पेशीही तो दाखवते. टिम-३, लॅग-३ (आवर घालणारे आणखी दोन रिसेप्टर) आणि केंद्रकातला टॉक्स (थकव्याशी जोडलेले प्रथिन) सोबत मोजा, शिवाय उद्दीपनानंतर (पेशीला प्रयोगशाळेत चेतवल्यावर) इंटरफेरॉन-गॅमा व आयएल-२ ही टी पेशीची संदेश-प्रथिने तयार होतात का ते तपासा. उद्दीपनाने पीडी-१ वाढतो, म्हणून त्याची मोजणी उद्दीपन न केलेल्या नळीत करा.